गाडी परत पाठवण्याबाबत

नागासाकी, जूनचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप किकुए अक्का यांना,

मोरिओचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा दुमडत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग कमी धरून घ्यावं. बाकीची सात जागेवर आहेत.) आपली तब्येत कशी आहे? साडूभाऊंचा रक्तदाब उतरला का? खारवलेलं लोणचं त्यांनी सोडलं की नुसतंच सोडलं म्हणतात? इकडे लोकाटाच्या फळांचा हंगाम संपत आला. सोबत एक पेटी पाठवतो आहे. वरच्या थरातली थोडी डागाळलेली आहेत, ती साडूभाऊंना द्यावीत. खालची चांगली निवडून लावली आहेत, ती ज्या कुणाला लोकाटं आवडत असतील त्यांना द्यावीत. (कुणाला आवडतात ते आपल्याला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.)

पत्रास कारण म्हणजे गाडी. आपल्या अंगणात गेले एकोणीस दिवस जी पांढरी गाडी उभी आहे, मागचा बंपर डाव्या अंगाला चेपलेला आणि पुढेमागे नवशिक्या चालकाचं हिरवंपिवळं पानाचं चिन्ह चिकटवलेलं, ती माझी आहे. ती सायोकोने आणली आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बहिणीने बहिणीकडे जायचं नाही तर कुठे जायचं? पण गाडीची सरकारी तपासणी या महिनाअखेरीस आहे आणि नियम म्हणजे नियम, तेव्हा गाडी परत पाठवावी. आता गाडी काही आपली आपण येत नाही (म्हणजे जाते कधी कधी, पण ते पुढे लिहितो). कुणीतरी ती चालवत आणायला हवी, आणि साडूभाऊंचा परवाना बिनगिअरच्या गाडीपुरताच आहे. मग जिने नेली तिनेच आणावी हे सगळ्यांच्या सोयीचं. मी हे फोनवरच सांगितलं असतं, पण सायोको फोन घेत नाही आणि आपण दर वेळी ‘ती अंघोळीला गेलीय’ म्हणता. अक्का, मी आपल्यावर अविश्वास दाखवत नाही, पण सकाळी दहा, दुपारी दोन, चार आणि सहा अशा चारही वेळा अंघोळ करणारी बाई मी तरी पाहिली नाही.

आपण सागा प्रांताच्या सपाट मुलखात राहता. तिथे गाडी जिथे उभी करावी तिथे उभी राहते, आणि माणसंही बहुधा तशीच असतात. आमच्या गावात सपाट जागा म्हणून काय ती बंदरातली, तीही समुद्र बुजवून केलेली. बाकी सगळा चढ. त्यामुळे चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढणं ही इथे नुसती परीक्षेतली एक पायरी नाही, तो इथला संस्कार आहे, आणि अडतीस वर्षं तो संस्कार मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर म्हणून करत आलो. डाव्या पायाने क्लच हळूहळू सोडायचा. अर्ध्यावर एक जागा येते. तिथे इंजिनचा आवाज जरा खाली बसतो, गाडीचं नाक किंचित वर येतं, हँडब्रेकला ताण बसतो. ती जागा आली की पाय तिथेच थांबवायचा. घाई केली की इंजिन बंद, भ्यालात की गाडी मागे. पाय थांबवून, उजव्या पायाने थोडं पेट्रोल देऊन, मग हँडब्रेक सोडायचा. बस, एवढंच. हे एवढंच शिकवण्यासाठी मी किती पोरांच्या आयांना रडवलं असेल याचा हिशेब नाही. (पोरं रडत नसत. पोरांना सोडायला आलेल्या आया बाकावर बसून रडत.) ‘पाय थांबव, वाट बघ’ हे वाक्य मी दिवसाला शंभरदा म्हणत असे, आणि मी स्वतः जन्मात कधी कुणाची वाट पाहिली नाही. हे मला आता, बहात्तराव्या वर्षी, रिकाम्या स्वयंपाकघरात बसून सुचतं आहे.

तेहतीस वर्षांपूर्वी मी सायोकोला गाडी शिकवायला घेतली होती हे आपल्याला माहीत आहे. पण जे माहीत आहे ते माझ्या तोंडून माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगतो. रविवार होता. आमच्या दारापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत जो चढ आहे त्याच्या मधोमध मी गाडी उभी केली आणि तिला म्हटलं, काढ. सगळ्या गच्च्यांवर कपडे वाळत होते आणि प्रत्येक कपड्यामागे एक बाई होती. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे आली. परक्या पोरांना मी वीस वेळा संधी देत असे. (पगार त्याचाच होता.) बायकोला चौथ्या वेळी खिडकीची काच खाली करून, गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘अगं, पाय आहे की लोणचं दाबायला बरणीवर ठेवायचा दगड?’ गच्च्या हसल्या. सायोकोने हँडब्रेक ओढला (पूर्ण ओढला, हे इथे नमूद करतो), किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली, आणि चढ चढून घरी गेली. त्यानंतर ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली नाही. तांदूळ, मासळी, हिवाळ्यातले रॉकेलचे डबे, सगळं तिने त्या चढावरून हातांनी वाहिलं, कारण मी सकाळी सातला गाडी घेऊन जात असे आणि संध्याकाळी सातला येत असे. रविवारी मी वाहत असे. म्हणजे काही रविवारी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण तो किस्सा फार चालला, अक्का. स्कूलच्या वर्षअखेरच्या मेजवानीत चालला, आणि नव्या विद्यार्थ्यांची भीड चेपायला तर रामबाण. कुणाची गाडी मागे आली की मी म्हणायचो, ‘घाबरू नका, आमच्या घरी खुद्द दगडी पाय आहे.’ पोरं हसायची, हसली की पाय सैल पडायचा, पाय सैल पडला की क्लच जमायचा. या गावातली निम्मी माणसं माझ्या बायकोच्या नावावर हसून गाडी शिकलेली आहेत. तिला मासळीवाल्याकडे लोक जरा जास्तच गोड हसून बघायचे. मला वाटे, मास्तरांची बायको म्हणून मान देतात.

आता या वर्षीचं. मार्चपासून सायोको मंगळवारी आणि शुक्रवारी ‘गाण्याच्या वर्गाला’ जाऊ लागली. सहासष्टाव्या वर्षी बायकांना गाणं सुचतं, मी काही बोललो नाही. पातळ तळाचे नवे बूट घेतले, त्यातल्या डाव्याचा तळ महिन्याभरात झिजला. अडतीस वर्षं माणसांचे डावे पाय बघण्यात घालवलेला मी, मला काय वाटावं? मला वाटलं माझ्यासारखाच तिचाही गुडघा गेला, म्हणून मी औषधाच्या दुकानातून दुखऱ्या भागावर लावायच्या पट्ट्या आणून तिच्या उशाशी ठेवल्या. तिने त्या निमूटपणे माझ्या गुडघ्याला लावल्या.

मेमधल्या एका शुक्रवारी मी देवळाखालच्या चढावर सिग्नलला थांबलो होतो. पुढे नदीपलीकडच्या स्कूलची गाडी, शिकाऊ परवान्याची पाटी लावलेली. हिरवा झाला आणि पुढच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. पुन्हा लाल झाला. आता, निवृत्त माणसाने अशा वेळी आपल्या गाडीत स्वस्थ बसून राहायचं असतं. पण मला राहवेना. आणि त्या स्कूलच्या शिक्षिका कुवाहारा बाई या माझ्याच हाताखाली शिकलेल्या (त्यांचीही आई बाकावर रडली होती), तेव्हा आपला हक्कच आहे असं समजून मी खाली उतरलो, तरातरा पुढे गेलो, शिकाऊच्या खिडकीत वाकलो आणि म्हणालो, ‘आवाज ऐका, आवाज! पाय थांबवा!’ तर आत सायोको.

ती माझ्याकडे बघेना. समोर बघत म्हणाली, ‘गाडी चालवताना बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवता ना?’ पलीकडून कुवाहारा बाई म्हणाल्या, ‘मास्तर, बाजूला व्हा, हिरवा होतोय.’ मी बाजूला झालो. आणि मग, अक्का, सायोकोने ती गाडी काढली. इंजिनचा आवाज खाली बसला, नाक किंचित वर आलं, आणि पाय थांबला. मला तो पाय दिसत नव्हता, पण मला ऐकू येत होता. दीड-दोन सेकंदच असतील. मग गाडी पाण्यावरून होडी निघावी तशी निघाली, बोटभरही मागे न येता, आणि चढ चढून वळणाआड गेली. हजारो माणसांना मी शिकवलं. इतकं स्वच्छ क्वचित कुणाला जमलेलं ऐकलं. मी रस्त्याच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभा होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मिने आजींचा आवाज आला. देवळात आणि स्मशानात न्यायची फुलं त्या विकतात, नव्वदीला टेकल्या आहेत आणि आवाज खणखणीत आहे. ‘मास्तर, तुमची गाडी निघाली हो! तुम्ही नाही का जाणार तिच्याबरोबर?’ मी वळून पाहिलं. माझी गाडी, इंजिन चालू, दार उघडं, चढावरून अगदी सावकाश मागे चालली होती. उतरायच्या घाईत मी हँडब्रेक अर्धाच ओढला होता. मी धावलो (गुडघ्यासकट), पण ती आपल्या गतीने मिने आजींच्या शेवंतीच्या तीन बादल्या आडव्या करून दगडी भिंतीला टेकली आणि थांबली. मिने आजी म्हणाल्या, ‘असू दे, असू दे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या थांबवल्यात, एखादी आपलीही जायचीच.’ मी फुलांची भरपाई करून दिली आणि घरी आलो.

घरी आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही. नऊ दिवस. मी समजत होतो की न बोलणं हाच माझा मोठेपणा. ती बहुधा मी बोलण्याची वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. ‘छान काढलीस’ एवढंच. ते वाक्य मी परक्या पोरांना फुकट वाटत आलो. दर जेवणाला ते माझ्या ओठांवर येई आणि मी म्हणे, सूप जरा खारट झालंय.

दहाव्या दिवशी संध्याकाळी गल्लीची बैठक आमच्या घरी होती, नालेसफाईची. सायोको आत चहा करत होती. कुणीतरी विचारलं, मास्तर, बंपरला काय झालं? खरं सांगायला किती वेळ लागतो? पण समोर अकरा माणसं, त्यातली सात माझी शिकवलेली. माझ्या तोंडून निघालं की पुढची शिकाऊ गाडी मागे यायला लागली, तिला जागा द्यायला मी माझी मागे घेतली, ती भिंतीला लागली. एवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण शिकाऊ कोण होतं असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘दुसरं कोण, आमचाच दगडी पाय!’ सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन सायोको दारात उभी होती. तिने अकरा जणांना चहा दिला, सगळ्यांच्या पुढे बिस्किटं ठेवली, माझ्यापुढेही ठेवली, आणि आत गेली. सकाळी उठलो तर कुकरमध्ये भात होता आणि टेबलावर चिठ्ठी होती, ‘मी किकुएकडे आहे. गाडी नेली आहे. अंघोळीच्या बंबाचं बटण डावीकडचं.’

बैठकीच्याच दिवशी दुपारी तिला परवाना मिळाला होता, हे मला नंतर कुवाहारा बाईंनी सांगितलं. चहा देताना तो तिच्या एप्रनच्या खिशात होता. बाई मला भेटायला आल्या त्या चांगल्या तास-दीड तास बसल्या, आणि मला बोलू दिलं नाही. म्हणाल्या, ‘मास्तर, त्या बाईंचं इंजिन आमच्याकडे पहिल्या आठवड्यानंतर एकदाही बंद पडलं नव्हतं. त्या दिवशी आरशात तुम्ही दिसलात, म्हणून पडलं.’ मग म्हणाल्या, ‘मी त्यांना सांगितलं होतं, या वयात बिनगिअरचा परवाना घ्या, निम्म्या कष्टात होईल. तर म्हणाल्या, आमच्या घरची गाडी गिअरची आहे आणि ते ती विकणार नाहीत. त्यांचा डावा गुडघा गेलाय, ते कबूल करत नाहीत. उद्या क्लच दाबेनासा झाला तर त्यांना दवाखान्यात कोण नेईल?’ एवढं सांगून कुवाहारा बाई गेल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही. उठता आलं नाही, गुडघ्यामुळे नव्हे.

मला फार वाईट वाटतं, अक्का. हे लिहायला मला तीन कागद लागले, चौथ्यावर लिहितो आहे. ती माझ्यासाठी शिकत होती आणि मी तिच्यावर अकरा माणसं हसवली.

मग मी एक केलं. गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी असते ना, जी वाचून शिक्का मारून शेजारच्या घरी द्यायची, ती गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली. कचऱ्याच्या नव्या वारांचा कागद आणि नालेसफाईचा कागद यांच्या मधोमध मी माझा कागद लावला. ‘देवळाखालच्या चढावर मागे घसरली ती गाडी माझी होती. हँडब्रेक मी अर्धाच ओढला होता. पुढची गाडी बोटभरही मागे आली नाही. ती माझी पत्नी सायोको चालवत होती, आणि तिच्याइतकी चांगली गाडी चढावर काढणारे या गावात फार थोडे आहेत. बैठकीत मी खोटं बोललो. मोरिओ इवानागा.’ पाटी मी स्वतः शेजारच्या घरी देऊन आलो. पाच दिवसांनी चौदा घरं फिरून ती परत आली. चौदाही शिक्के होते. शेवटच्या घराने माझ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मिने आजींनी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. नालेसफाईला येताना फावडं आणा.’ म्हणजे बैठकीत ती अकरा माणसं हसली ती कुणाला हसली, हा विचार मी आता करत असतो. सायोको मात्र तेव्हा दारात उभी होती, आणि तिला ते तिलाच हसल्यासारखं वाटलं असणार.

इकडचं बाकी सर्व ठीक. सूप मी स्वतः करतो, ते खरोखरच खारट होतं. गाडीचं तेवढं मनावर घ्यावं. साडूभाऊंना नमस्कार. आपल्या प्रकृतीला जपावं, पावसाळी हवेत सांधे धरतात.

आपला आज्ञाधारक मेव्हणा
मोरिओ

ता. क. हे पत्र सायोकोला दाखवू नये. (टेबलावर वगैरे उघडं ठेवलंत आणि तिने आपण होऊन वाचलं, तर तो दोष आपला नाही.)

ता. क. २. तपासणी या महिनाअखेरीस नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आहे. सायोकोला तारीख पाठ आहे, तेव्हा ती हे वाचून हसेल, आणि तिने हसावं म्हणूनच मी ते वरून खोडलं नाही. गाडी तिच्याकडेच राहू दे. मी काल माझा परवाना चौकीत जाऊन परत केला. पोरगेल्या हवालदाराने विचारलं, ‘मास्तर, घरात दुसरं कुणी चालवणारं आहे ना?’ मी म्हटलं, आहे. मग मला त्याच्यापुढे बराच वेळ रुमाल शोधावा लागला.

ता. क. ३. खरं काम हे. सायोकोला विचारावं, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती गाडी घेऊन देवळाखालच्या चढावर येईल का. फक्त थांबायचं आणि पुन्हा काढायची, एकदाच. मी गाडीत बसणार नाही, एक शब्द बोलणार नाही. मी गाडीच्या मागे उभा राहीन, बंपर पोटऱ्यांना टेकेल इतका जवळ, गाडीकडे पाठ करून. अडतीस वर्षांत मी कुठल्याही गाडीच्या मागे असा उभा राहिलो नाही आणि कुणाला राहू दिलं नाही, हे तिला माहीत आहे. गाडी निघाली की तिने वाटल्यास सरळ सागाला परत जावं, मी चालत घरी जाईन. मागे वळून मात्र बघणार नाही, एवढं तिला नक्की सांगा.